एकादशीची नानखटाई

खरं सांगतो, हे मी लिहिणारच नव्हतो. तीनदा मोबाइल हातात घेतला, चार ओळी टाइप केल्या आणि पुसून टाकल्या. म्हटलं, नानखटाईवर कोण प्रेमकथा लिहितं? आणि मी असा कोण मोठा लेखक लागून गेलो! शाळेत निबंधसुद्धा गाइडमधला उतरवायचो. पण ज्याची ही गोष्ट आहे तो ललित माझा जिगरी दोस्त. रोज संध्याकाळी येऊन तीच गोष्ट सांगतो, दरवेळी थोडी जास्त साखर घालून. म्हटलं, एकदा लिहून मोकळं व्हावं.

तर ऐका.

ललितचं आमच्या बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दिवसभर लोकांची नावं, जन्मतारखा टाइप करतो. मागच्या दिवाळीच्या तोंडावर त्याची आई, कुसुमकाकू, जिन्यावरून घसरली. उजव्या मनगटाला प्लास्टर. दुसऱ्या कुठल्या महिन्यात पडली असती तर चाललं असतं... पण दिवाळी!

आमच्याकडे दिवाळीची नानखटाई घरी नाही भाजत. मैदा, साखर, तूप घरचं. ते डब्यात भरून सिंधीपुऱ्यात भाईदासकाकांच्या भट्टीवर न्यायचं. तिथेच बसून मळायचं, गोळे करून ट्रेमध्ये लावायचे, काका भाजून देतात. मग घरी आणून डबे भरायचे आणि सगळ्या गल्लीत वाटायचे. कोणी विकतचा मिठाईचा डबा आणून दिला तर कुसुमकाकू तोंडावर काही म्हणत नाहीत, पण मनातल्या मनात ते घर एक नंबर खाली जातं.

“यंदा तू जा,” त्या ललितला म्हणाल्या. “मैद्याचा डबा मधल्या फळीवर आहे. मोठा. नीट बघून घे.”

“हो ग आई. डबाच तर उचलायचा आहे.”

एवढं बोलून त्याने वरच्या फळीवरचा उचलला.

दुपारी तीनला हा भट्टीवर पोचला. आत पंधरा-वीस बाया, तेवढ्याच पराती, तुपाचा आणि लाकडाच्या धुराचा एकत्र वास. पुरुष म्हणाल तर फक्त भाईदासकाका आणि हा.

“काय रे, बायको नाही आली?” दारातच बसलेल्या भागाबाईंनी विचारलं.

“लग्न नाही झालं, काकू.”

“मग शिकून घे बाबा. आजकाल मुलीकडचे हे पण विचारतात.”

सगळ्या हसल्या. ललितला बसायला एकच जागा होती, भिंतीशी, एका मुलीच्या बाजूला. ती मात्र हसली नाही. तिचं लक्षच नव्हतं. बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, ओढणी कमरेला बांधलेली, आणि परातीत तूप-साखर तळहाताने फेसून राहिली होती. गोल... गोल... एकाच लयीत. तूप पिवळ्याचं पांढरं झालं, पांढऱ्याचं फेसासारखं. मग तिने बोटावर थोडंसं घेतलं आणि नीट फेसलं गेलं का ते बघायला बाजूच्या पाण्याच्या वाटीत सोडलं.

ते तरंगलं.

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ना त्या वेळी... ललित म्हणतो, मी हजार फॉर्मवर हजार फोटो चिकटवलेत, पण तसा चेहरा कुठल्याच फोटोत नाही पाहिला.

“पहिल्यांदा आलात?” तिने वर न बघता विचारलं.

“इतकं दिसून राहिलं का?”

“तूप वितळवून आणलंय तुम्ही. नानखटाईला थिजलेलं लागतं.”

“मग आता?”

“आता ते पातेलं थंड पाण्याच्या बादलीत ठेवा, आणि गप बसून माझं बघा.”

हा गप बसला, म्हणजे दोन मिनिटं. तिच्या बाजूला रजिस्टरचं फाडलेलं पान होतं, त्यावर नावांची लांबलचक यादी.

“ही कोण सगळी?”

“माझी पोरं. छत्तीस आहेत.”

ललितचा हात बादलीत तसाच राहिला. तेव्हा कुठे तिने मान वर केली आणि हसली.

“पहिलीचा वर्ग हो. चांदनी गावच्या सरकारी हिंदी शाळेत शिकवते मी. रोज ट्रेनने अप-डाउन. रंजिता नाव माझं. आणि दादा, हात काढा बाहेर, गारठेल.”

दादा! भट्टीच्या एवढ्या गरमीत त्याला एकदम गार वाटलं.

मग तिने हात चालू ठेवूनच सगळं सांगितलं. जूनमध्ये पोरं येतात तेव्हा त्यांना ‘अ’ पण ओळखू येत नाही. ती पहिल्याच दिवशी सांगते की दिवाळीला सगळ्यांना नानखटाई, पण हातात नाही देणार. प्रत्येक नानखटाईवर एकेकाच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलेलं असेल. परात मध्ये ठेवायची. ज्याला आपलं अक्षर ओळखता येईल त्याने आपली उचलायची. एकाच अक्षराची दोघं असली तर नानखटाया पण दोन.

“आणि कोणी नाहीच ओळखलं तर?”

“ओळखतील,” ती म्हणाली. मग हात थोडा थांबला. “एक आहे, गायत्री. चार महिने झाले, पाटी घेऊन गप बसते. पण सुट्टीत एकटी मातीवर काडीने काहीतरी गिरवत असते. उद्या सुट्टीच्या आधीचा शेवटचा दिवस. उद्या नाही नेली तर मग माझ्या शब्दाला काय अर्थ राहिला?”

ललित बघतच राहिला. हा दुकानात बसून दुसऱ्यांची नावं लिहितो, एकदाही वाटलं नाही की ती नावं कोणीतरी कोणाला शिकवली असतील.

“दादा, मैद्याचा तो डबा ओता ना जरा. हात भरलेत माझे.”

तिने मदत मागितली! हा असा उठला की जशी काही परेड आहे. डबा उचलला आणि एका दमात सगळाच्या सगळा परातीत ओतला.

तिने मळायला हात घातला, आणि थांबली. चिमूट घेऊन वास घेतला.

“हे काय आहे?”

“मैदा.”

“हा मैदा नाही.”

भागाबाई सरकत सरकत आल्या, जिभेवर ठेवून बघितलं आणि कपाळाला हात लावला. “अगं बाई, हे तर केळ्याचं पीठ! उपासाचं!”

झालं होतं असं की तिचा डबा तिच्या पाठीमागे झाकणासकट जसाच्या तसा होता. ओतला होता तो ललितने आणलेला. आणि त्यात मैदा नव्हताच. मामीने शेतातली कच्ची केळी वाळवून, दळून आईच्या एकादशीसाठी पाठवलेलं पीठ होतं. वरच्या फळीवरचं.

रंजिता नुसती परातीकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं तो अजून म्हणतो.

“मॅडम, माझं तूप घ्या... साखर घ्या, पुन्हा करू—”

“तुमच्या आईचं सामान मी कसं घेऊ? आणि हे फेकू का? इतकं तूप आहे यात.” तिचा आवाज हळू झाला. “तुम्हाला माहीत नाही. त्या पोरांकडे नेहमी उरलेलंच येतं. कोणाचे जुने कपडे, कोणाच्या लग्नातलं शिल्लक. म्हणून मी ताजं नेते, त्यांच्या नावाचं नेते. त्यांना असं वाटायला नको की मॅडमनी पण बिघडलेलं आणलं.”

ललितला जमिनीने गिळलं असतं तर तो नाही म्हणाला नसता.

पण ती मुलगी बघा! डोळे मनगटाने पुसले, परातीतून लिंबाएवढा गोळा घेतला, तळहातावर दाबला. फुटला नाही. उठली आणि थेट भट्टीपाशी.

“काका, एवढी एक टाकून बघा ना.”

“मॅडम, चाळीस वर्षांत मी केळ्याची नानखटाई नाही टाकली,” भाईदासकाका म्हणाले.

“मग आज टाका.”

काकांनी टाकली. थोड्या वेळाने लांब दांड्याच्या फावड्यावर ती एकटी नानखटाई बाहेर आली. काळपट, तांबूस. रंजिताने फुंकर मारली, दोन तुकडे केले, एक त्याच्यासमोर धरला.

“खा. तुमचाच पराक्रम आहे.”

त्याने गरमच तोंडात टाकली. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं, तरी खाल्ली. खुसखुशीत. तूप, वेलची, आणि मागून काहीतरी भाजलेल्या शेंगदाण्यासारखं...

“कशी आहे?”

“मस्त. खरंच.”

“आणि रंग?”

“गुळासारखा.”

“मातीसारखा म्हणा ना सरळ.” पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. “चला, हात धुवा. छत्तीस अक्षरं आहेत आणि तुम्ही सुटलेले नाहीत.”

मग दोघं एका ट्रेवर वाकून बसले, हातात आगपेटीच्या काड्या. ती नाव वाचायची, हा कोरायचा.

“हा ‘क’ आहे की पतंग?”

“मॅडम, आम्ही टाइप करणारी माणसं.”

“इकडे द्या.” तिने त्याच्या हातातली काडी नाही घेतली. त्याच्या हातासकट वळवली. एक सेकंद. मग स्वतःच दचकून हात मागे घेतला आणि पुढचं नाव जरा मोठ्याने वाचलं.

“एक सांगू?” ललित म्हणाला. “दादा नका म्हणू.”

“का? रागावले?”

“नाही... तसंच.”

“मग काय म्हणू? काका?”

“ललित.”

“बरं. ललितजी.”

“जी पण नको.”

“इतक्या लवकर?”

भागाबाईंना नेमका त्याच वेळी खोकला आला. धूर लागला म्हणाल्या. धूर तर दुसऱ्या बाजूला जात होता.

ललित मधेच पाणी प्यायला उठला. परत आला तर ट्रे भट्टीत गेले होते. आणि बाहेर आले तेव्हा रंजिता उभीच राहिली. मैद्याची नानखटाई भट्टीत पसरते, दरवर्षी तिची अर्धी अक्षरं पुसट व्हायची. ही पसरलीच नव्हती. एकेक अक्षर दगडात कोरल्यासारखं.

“अरे वा...” ती हळूच म्हणाली. आणि लगेच, “पण रंग!”

“मी येतो उद्या तुमच्याबरोबर,” ललितच्या तोंडून निघून गेलं. “मी सांगतो पोरांना, चूक माझी आहे म्हणून.”

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदा.

“सकाळची पॅसेंजर असते. उशीर केला तर मी थांबणार नाही.” मग बादलीकडे हात केला. “तुमचं तूप थिजलं बघा. माझा मैदा तसाच आहे. बसा, तुमच्या आईची दिवाळी नको बुडायला.”

ज्याने तिचं काम बिघडवलं त्याच्या घरचं तूपही तिने तासभर फेसलं. त्याच लयीत. मला विचाराल तर ललितचा खरा फैसला तिथेच झाला.

घरी कुसुमकाकूंचा पहिला प्रश्न, “माझं उपासाचं पीठ कुठंय?” ललितने खाली मान घालून सगळं सांगितलं.

“मग ती मुलगी काय म्हणाली तुला?”

“एक वाकडा शब्द नाही.”

“काहीच नाही?” काकूंनी डाव्या हाताने एक नानखटाई उचलली, खाल्ली. “तूप कोणी फेसलं?”

“तिनेच.”

काकूंनी दुसरी उचलली. “उद्या दुकान बंद ठेव,” म्हणाल्या. “जा तिच्याबरोबर.”

दुसऱ्या दिवशी, एकादशीला, हा तिच्याही आधी स्टेशनवर. डबा मांडीवर घेऊन खिडकीशी बसला, बाहेर कापसाची शेतं मागे जात होती, आणि हा ओठांतल्या ओठांत हिंदीतलं भाषण पाठ करून राहिला होता. बच्चों, कल मुझसे एक भूल हो गई...

“परीक्षा आहे का?” रंजिताने विचारलं.

“तुमच्या पोरांची भीती वाटते.”

“मला पण,” ती म्हणाली, आणि या वेळी हसली नाही.

वर्गात परात मध्ये ठेवली. छत्तीस डोकी भोवती. तिने वरचं कापड काढलं आणि सगळी डोकी पुढे झुकली. मग पुढचा एक पोरगा म्हणाला,

“मॅडमजी... जल गई क्या?”

रंजिताचा चेहरा उतरला. ललित उभा राहिला आणि पाठ केलेलं सगळं विसरला.

“जली नहीं है,” तो म्हणाला. “केले की है. मैदा डालना था, मैंने गलती से केले का आटा डाल दिया. तुम्हारी मॅडम की कोई गलती नहीं. उन्होंने तो मेरी गलती को भी... मीठा कर दिया.”

“केले की?” मागून एक आवाज. “मेरे पापा केला काटते हैं!”

“मेरे भी!”

“मेरी मम्मी भी जाती है केले में!”

बस्स! अर्ध्या वर्गाच्या घरचे केळीच्या बागांत कामाला. आता ती नानखटाई त्यांच्या घरचीच झाली. पोरं परातीवर तुटून पडली. “ये मेरा! म! ये देख, र!” भांडणं नाहीत, पुसट अक्षरं नाहीत, एकेक पोरगं आपलं अक्षर छातीशी धरून.

दारात सोजरबाई उभ्या होत्या, शाळेचा स्वयंपाक करणाऱ्या. “मॅडम, आज एकादशी. माझी बांधून ठेवा.”

“आज चालते, सोजरबाई. कच्च्या केळ्याचं पीठ आहे, तूप, साखर. मैद्याचा कण नाही.”

“उपासाची नानखटाई?” सोजरबाईंनी तिथेच बसकण मारली. “साठ वर्षांत पहिल्यांदा कोणी माझ्या उपासाचा विचार केला बघा.”

ललितने छातीवर हात ठेवून मान झुकवली. रंजिताने त्याला डोळ्यांनी दटावलं.

आता परातीत थोड्याच राहिल्या होत्या. आणि गायत्री अजून भिंतीशीच.

सगळे बघू लागले. ती आली, परातीभोवती एक चक्कर मारली. दुसरी मारली. ललितला वाटलं आता कोणीतरी सांगून टाका तिला! पण रंजिता हलली नाही. हात पाठीमागे घेऊन उभी, आणि बोटांनी ओढणीचं टोक इतकं पिळलेलं की बोटं पांढरी पडलेली. गायत्री वाकली. बोटाने हवेत काहीतरी गिरवलं. आणि ‘ग’ उचलला.

रंजिताने श्वास सोडला. ललितने पण.

पण गायत्री जागेवर गेली नाही. पुन्हा परातीत बघत राहिली. मग चार महिन्यांत पहिल्यांदा सगळ्या वर्गासमोर तिचा आवाज निघाला.

“मॅडमजी, ये ‘ल’ किसका है? अपनी क्लास में तो ‘ल’ से कोई नहीं है.”

यादीत ‘ल’ नव्हता. ललितला सगळी यादी पाठ होती. त्याने कोरलाच नव्हता. त्याने रंजिताकडे बघितलं, तर तिचे कान लाल, आणि ती फळा पुसून राहिली होती. स्वच्छ फळा.

“आहे की एक,” सोजरबाई खाता खाता म्हणाल्या. “तो काय, उभा आहे खांबासारखा. घे रे बाबा, तुझं अक्षर ओळख.”

चांदनीच्या प्लॅटफॉर्मवर परतीची गाडी लेट होती. बाकावर दोघं, मध्ये रिकामा डबा.

“कधी कोरलं?” ललितने विचारलं. ‘ल’ अजून त्याच्या हातातच, रुमालात.

“तुम्ही पाणी प्यायला गेलात तेव्हा.”

“का?”

“एवढंसं पीठ राहिलं होतं.”

“फक्त म्हणून?”

“मग तुम्ही सांगा ना, का ते,” ती रुळांकडे बघत म्हणाली. “सगळं मीच सांगायचं का?”

ललितने डबा उचलून खाली ठेवला. आता मध्ये काही नव्हतं.

“ते तूप पाण्यावर तरंगलं ना काल... तेव्हापासून मी काही ठिकाणावर नाही. तुम्ही रागावल्या नाहीत. माझ्या घरचं पण केलंत. आणि आज त्या पोरीला तुम्ही सांगितलं नाही, तिला तिचं शोधू दिलंत. मी असं माणूस पाहिलं नाही. मला तुम्ही आवडता... रंजिता.”

मॅडम नाही, जी नाही. पहिल्यांदाच नुसतं नाव.

लांबून गाडीची शिटी आली. ती उठली, ओढणी सारखी केली, दोन पावलं गेली, वळली आणि काहीतरी म्हणाली. मग दोघं एकाच डब्यात चढले आणि बुऱ्हाणपूर येईपर्यंत शेजारी बसून राहिले. पाडव्याला कुसुमकाकू प्लास्टरचा हात सांभाळत, रंजिता जिच्याकडे राहते त्या तिच्या मावशीकडे चहाला गेल्या, आणि आता साखरपुड्याची तारीख निघाली आहे.

ती वळून काय म्हणाली, ते ललितने मला कालच सांगितलं. चारच शब्द. असे गोड की मी लगेच मोबाइल काढला, टाइप करायला. त्याने माझा हात धरला.

“माझी सगळी फजिती लिही भाऊ. डबा लिही, पतंगासारखा ‘क’ लिही. पण ते चार शब्द नको. तेवढे माझ्यापाशी राहू दे.”

मी त्याच्याकडे बघितलं. पठ्ठ्या मस्करी नव्हता करत.

“ठीक आहे,” मी म्हटलं. “नाही लिहिणार. कधीच. दिला शब्द.”